पोटातला ‘गॅस’ आणि यकृतातला गॅस

(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्य व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या वर्षी याच मांडवात रक्तदाबावर बोलणं झालं, त्याच्या आधी मधुमेहावर. यंदा मला सांगितलं, “तुम्ही हॉस्पिटलात आहात, काहीतरी सांगा.” मी आधीच सांगून ठेवतो, मी डॉक्टर नाही. दहावी-बारावीनंतर रेडिओग्राफीचा डिप्लोमा केला आणि सरकारी नोकरीत लागलो. राहायला किलवणीला. वीस वर्षांहून जास्त काळ लोकांच्या पोटाचे, छातीचे, हाडांचे फोटो काढतोय, आधी एक्स-रे आणि आता सीटी स्कॅन. फोटो काढणं माझं काम, तो वाचणं डॉक्टरांचं. पण रोज स्वयंपाकघरात उभं राहणाऱ्याला चव न घेताही मीठ कळतं, तसं थोडंफार मलाही कळतं.

आज समोर लंबोदर बसलेला आहे, म्हणून पोटाविषयीच बोलतो. विषय ऐकायला विचित्र आहे. यकृतातल्या शिरांमध्ये हवा दिसली, तर तिचा अर्थ काय आणि करायचं काय? तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कशाला? शेवटपर्यंत ऐका, मग सांगा.

आपल्या घरात पोटाच्या दुखण्याला एकच नाव आहे, ‘गॅस’. पोट दुखलं, गॅस. छातीत जळजळलं, गॅस. पाठीत चमक भरली तरी गॅसच. मग ओवा, हिंग, सोडा, लिंबू. शंभरातल्या बहुतेक वेळी ते खरंही असतं, म्हणून तर ही सवय टिकली. मी ज्या गॅसबद्दल बोलणार आहे, तो ओव्याने जाणारा नाही.

आधी शरीराची रचना समजून घेऊ. हाता-पायाच्या शिरांतलं रक्त परत हृदयाकडे जातं. आतड्यांतून, जठरातून, प्लीहेतून येणारं रक्त मात्र सरळ हृदयाकडे जात नाही. ते एका मोठ्या शिरेत जमा होतं आणि आधी यकृतात जातं. तिला पोर्टल शीर म्हणतात. आपल्याकडची दमणगंगा डोळ्यासमोर आणा. सह्याद्रीतले ओढे-नाले तिला मिळतात, मधुबनला पाणी अडतं, तिथून कालवे निघतात आणि ते पाणी शेतांच्या टोकापर्यंत जातं. पोर्टल शीर ही ती नदी, यकृत हे धरण आणि कालव्यांचं जाळं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन चतुर्थांश रक्त याच वाटेने येतं. आपण जेवलो ते सगळं आधी यकृतात तपासलं जातं, मग पुढे सोडलं जातं.

आतड्यात हवा असतेच. जंतूही असतात. पण आतड्याच्या आतलं नाजूक अस्तर धड असतं तोवर ती हवा आतच राहते. अस्तराला इजा झाली, किंवा पोटात-आतड्यात हवेचा दाब फार वाढला, किंवा वायू तयार करणारे जंतू भिंतीत शिरले, की बुडबुडे बारीक शिरांत घुसतात. तिथून ते रक्ताबरोबर वाहत यकृतात पोचतात. म्हणजे हवा दिसते यकृतात, पण खोट असते बहुतेकदा आतड्यात. धरणाच्या पाण्यावर तेल तरंगताना दिसलं, तर धरण खरवडून उपयोग नाही. वरच्या कुठल्या ओढ्यात कुणी काय सोडलं, ते बघायला जावं लागतं.

आता हे चित्रात कसं दिसतं? सीटीवर यकृत राखाडी दिसतं आणि हवा काळी. शिरांत हवा असेल तर यकृताच्या कडेला, अगदी त्याच्या आवरणाखालच्या दोन सेंटिमीटरच्या पट्ट्यापर्यंत, वाळक्या झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक काळ्या रेघा दिसतात. इथे एक गोंधळ होऊ शकतो. पित्ताच्या नळ्यांतही कधी कधी हवा असते. पूर्वी पित्तनळीत स्टेंट घातला असेल, दुर्बिणीने खडा काढला असेल, तर ती हवा बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. ती यकृताच्या मध्यभागी, मुळाशी दिसते. हा फरक का? कालव्याचं पाणी मुळापासून शेताच्या बांधापर्यंत जातं, तर शेतातल्या चरीचं पाणी उलट, बांधाकडून नाल्याकडे येतं. पोर्टल रक्त कडेकडे जातं, पित्त मध्याकडे येतं. हवा त्या त्या प्रवाहाबरोबर जाते. आणखी एक गोष्ट, रुग्ण उताणा झोपलेला असतो, हवा वर चढते, म्हणून ती यकृताच्या डाव्या भागात जास्त सापडते, कारण तो भाग पुढे असतो.

साध्या एक-रेवर, म्हणजे आपल्या नेहमीच्या फोटोवर, हवा भरपूर असेल तरच दिसते. सोनोग्राफीत ती वेगळीच दिसते, शिरेतून चमकते ठिपके पळताना दिसतात, आणि डॉपलर लावला तर मधेच टक-टक असा आवाज येतो. सीटीत अगदी थोडी हवाही सापडते. शिवाय सीटीत आतड्याची भिंत बघता येते, त्या भिंतीत हवा आहे का, औषध सोडल्यावर ती भिंत उजळते का, रक्तवाहिनीत गुठळी आहे का, हे सगळं एकाच तपासणीत कळतं. म्हणून डॉक्टर ‘शिरेतून औषध देऊन सीटी’ सांगतात. त्या औषधाची पुष्कळ लोकांना भीती वाटते. किडनीचा त्रास असेल, पूर्वी ॲलर्जी झाली असेल, तर जरूर सांगा. पण आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका असताना ‘नको ते औषध’ म्हणून सही नाकारू नका. त्या घडीला मोठा धोका आतड्याला असतो.

या खुणेचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. १९५५ साली वुल्फ आणि इव्हान्स या डॉक्टरांनी ती प्रथम नवजात बाळांत वर्णन केली. १९६० मध्ये मोठ्या माणसांतली नोंद आली. १९७८ मध्ये लिबमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४ रुग्णांचा आढावा घेतला, त्यात १०० पैकी ७५ दगावले होते. तेव्हापासून ‘यकृतात हवा म्हणजे संपलं’ असा समज पक्का झाला. पुढे २००१ मध्ये किनोशिता आणि सहकाऱ्यांनी १८२ रुग्णांचा आढावा घेतला, तर मृत्यूचं प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं होतं. हवा सौम्य झाली का? नाही. मधल्या काळात सीटी आली. पूर्वी एक्स-रेवर हवा दिसायची ती प्रकरण हाताबाहेर गेल्यावर. सीटीत थोडी हवा आणि साधी कारणंही दिसायला लागली. १९७८ च्या आढाव्यात ७२ टक्के रुग्णांचं आतडं सडलेलं होतं, २००१ च्या आढाव्यात ४३ टक्के. बाकीच्यांत पोट फुगणं, आतड्याची सूज, पोटातला पू, जठराचा व्रण, दुर्बिणीची तपासणी अशी वेगवेगळी कारणं होती. म्हणजे खूण एकच, पण तिच्यामागची माणसं वेगळी.

आता दोन माणसांची गोष्ट सांगतो. पहिली सांगायला मला बरीच वर्षं लागली.

पहिला माणूस माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडायचे, त्यासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू होती. एक दात काढायचा म्हणून ती थांबवली होती. दात काढून झाला, पण गोळी पुन्हा सुरू करायची राहून गेली. कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. तो गौरीजेवणाचा दिवस होता. पुरणपोळी झाली, दुपारी सगळे लवंडले. रात्री नऊच्या सुमारास अण्णांच्या पोटात एकदम कळ आली. साधी नाही, माणूस गादीवर गडबडा लोळेल अशी. आई म्हणाली, “पुरण बाधलं, गॅस धरलाय.” मला बोलावलं. मी हॉस्पिटलातला ना! मी त्यांचं पोट दाबून बघितलं. मऊ होतं. मी म्हटलं, “पोट मऊ आहे, घाबरायचं कारण नाही.” ओवा दिला, गरम पाण्याची पिशवी दिली. एक उलटी झाली, एकदा पातळ शौचाला झालं. आम्हाला वाटलं, मोकळं झालं. पहाटे दुखणं थोडं उतरलंही. आम्ही देवाला हात जोडले.

सकाळी सात वाजता अण्णा घामाने थबथबलेले, हात-पाय गार, पोट फुगून टणक. गाडी करून नेलं. सीटीच्या टेबलावर मीच त्यांना झोपवलं. पडद्यावर पहिले काप आले आणि यकृताच्या कडेला मला त्या काळ्या फांद्या दिसल्या. त्यानंतर मी खुर्चीवरून उठलो आणि सहकाऱ्याला म्हटलं, पुढचं तू कर. आतड्याच्या मुख्य धमनीत हृदयातून सुटलेली गुठळी अडकली होती. ऑपरेशन झालं, पण बहुतेक लहान आतडं काळं पडलं होतं. तिसऱ्या दिवशी अण्णा गेले.

सर्जन मला नंतर म्हणाले, “भयंकर दुखतंय आणि पोट मात्र मऊ आहे, हीच तर सुरुवातीची खूण असते.” आतड्याचा रक्तपुरवठा एकदम तुटला की दुखणं प्रचंड असतं, पण पोट दाबलं तर फारसं काही लागत नाही. पोट टणक होतं ते आतडं मरायला लागल्यावर. मधे एक फसवा उतार येतो, दुखणं कमी होतं, कारण जाणीव देणारा भागच बधिर होत जातो. रक्तपुरवठा पूर्ण तुटला तर साधारण सहा तासांत परत न येणारं नुकसान होऊ शकतं. आम्ही घरी दहा तास काढले होते. ते दहा तास कुणा डॉक्टरने घालवले नाहीत, हॉस्पिटलने घालवले नाहीत. ओव्याने घालवले, आणि मी.

आता दुसरा माणूस. काही वर्षांनी आला. मधुमेही, पन्नाशीच्या पुढचा, पोट तडस लागल्यासारखं फुगलेलं. सीटी केली आणि पडद्यावर तेच चित्र, तशाच काळ्या फांद्या. माझे हात गार पडले. बाहेर त्याची बायको आणि दोन मुलं बसली होती. मी मनात म्हटलं, झालं. तेवढ्यात सर्जन आले. त्यांनी चित्र बघितलं आणि सरळ माणसाकडे गेले. विचारलं, “किती दुखतंय?” तो म्हणाला, “दुखत नाही एवढं, जड वाटतंय.” नाडी, रक्तदाब ठीक. पोट फुगलेलं पण मऊ. रक्तातलं लॅक्टेट वाढलेलं नाही. औषध सोडल्यावर आतड्याची भिंत सगळीकडे नीट उजळली होती, धमन्या मोकळ्या होत्या. जठर मात्र हवेने आणि अन्नाने तुडुंब भरलं होतं. ऑपरेशन नाही. नाकातून नळी घालून जठर रिकामं केलं, तोंडाने काही द्यायचं नाही, सलाइन, अँटिबायोटिक, आणि दर काही तासांनी पोट तपासणं. तिसऱ्या दिवशी पुन्हा सीटी केली. फांद्या गायब. तो माणूस चालत घरी गेला.

आता तुम्ही विचाराल, अण्णांचं पोट मऊ होतं ते वाईट आणि याचं मऊ होतं ते चांगलं, असं कसं? मीही हेच विचारलं. उत्तर असं, एकटं पोट बघून ठरत नाही, तसं एकटं चित्र बघूनही ठरत नाही. दुखणं किती, आणि त्या मानाने पोट कसं, ठोके कसे, रक्तदाब कसा, लॅक्टेट किती, भिंत उजळते का, हे सगळं एकत्र ठेवावं लागतं. त्यातही लॅक्टेट सुरुवातीला साधं येऊ शकतं, म्हणून त्या एका आकड्यावर विसंबायचं नाही. रात्री मी फक्त पोट बघितलं. आणि दुसऱ्याच्या वेळी फक्त चित्र. दोन्ही वेळा चुकलो.

उपचाराचं सूत्र यातूनच निघतं. यकृतातल्या हवेवर वेगळं औषध नाही, ती सुईने काढायची नसते. कारण बरं झालं की ती आपोआप रक्तात विरते. डॉक्टर मनात तीन गट करतात. पहिला, आतडं मेल्याची किंवा फाटल्याची चिन्हं आहेत, टणक पोट, ढासळता रक्तदाब, चढतं लॅक्टेट, न उजळणारी भिंत, बंद धमनी. इथे वेळ न घालवता ऑपरेशन, किंवा आतडं अजून जिवंत असेल तर गुठळी काढून रक्तवाहिनी मोकळी करणं. दुसरा, कारण कळलेलं आहे आणि माणूस स्थिर आहे. इथे नळी, सलाइन, अँटिबायोटिक, पू असेल तर तो काढणं, आणि लक्ष ठेवणं. तिसरा, नक्की सांगता येत नाही. इथे त्याच हाताने पुन्हा पुन्हा तपासणी, पुन्हा रक्त, गरज पडली तर दुर्बिणीतून पोटात बघणं. नातेवाइकांना हा तिसरा गट सर्वांत अवघड जातो. “डॉक्टर काहीच करत नाहीत, नुसते येऊन पोट दाबून जातात,” असं मी रोज ऐकतो. मंडळी, ते पोट दाबणं हाच उपचाराचा भाग असतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वेगळं सांगतो. त्यांच्या आतड्याला सूज येऊन ते सडायला लागण्याचा एक आजार आहे, आणि त्यात हीच हवा दिसते. बाळाचं दूध बंद करून नळी, सलाइन, अँटिबायोटिक देतात. आतडं फाटलं तर ऑपरेशन. पण नुसती हवा दिसली म्हणून प्रत्येक बाळाला कापत नाहीत. या आजाराचा धोका आईच्या दुधाने कमी होतो, हे सिद्ध झालेलं आहे. म्हणून ज्या घरात कमी वजनाचं बाळ आहे, तिथे आजीने डब्याच्या दुधाचा आग्रह धरू नये आणि घुटीही देऊ नये, एवढी माझी हात जोडून विनंती.

आणि एक गोष्ट खास आपल्या सिल्वासाची. आपल्यापैकी कितीतरी जण कारखान्यात आहेत, कापडाच्या धंद्यात आहेत. ब्लिचिंगला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. घरच्या जखमेसाठी मिळतं ते तीन टक्क्यांचं. त्याच्या एका मिलिलीटरमधून सुमारे दहा मिलिलीटर ऑक्सिजन सुटतो. कारखान्यातलं ३५ टक्के किंवा त्याहून तीव्र असतं, त्याच्या एका मिलिलीटरमधून शंभराहून जास्त. तो पोटात गेला तर अन्ननलिका-जठर भाजतं, आणि सुटलेली हवा पोर्टल शिरेत, कधी मेंदूपर्यंतही जाते. हे पाण्यासारखंच दिसतं. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ते कधीही घरी आणू नका. कुणी चुकून प्यायलाच तर उलटी करवू नका. बाटली बरोबर घेऊन सरळ हॉस्पिटल गाठा. अशा रुग्णाला कधी कधी जास्त दाबाखाली ऑक्सिजन देण्याची गरज पडते, म्हणून वेळ महत्त्वाची.

आता घरी लक्षात ठेवायचं तेवढं सांगतो आणि थांबतो. पोटात एकदम, सहन न होणारी कळ आली आणि ती अर्ध्या तासात उतरली नाही, तर तिला गॅस म्हणू नका, १०८ ला फोन करा. विशेषतः ज्यांचे ठोके अनियमित आहेत, ज्यांना पूर्वी हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला आहे, जे डायलिसिसवर आहेत, त्यांच्या बाबतीत तर घड्याळ बघतही बसू नका. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांनी थांबवली असेल तर ‘पुन्हा कधी सुरू करू’ हे तिथेच विचारून कॅलेंडरवर लिहा. हॉस्पिटलात गेल्यावर दुखणं किती वाजता सुरू झालं, ते नेमकं सांगा. पूर्वीचे रिपोर्ट, गोळ्यांची पिशवी, पित्तनळीत कधी स्टेंट घातला असेल तर तो कागद, हे बरोबर न्या. त्या एका कागदाने चित्राचा अर्थ बदलतो. आणि रिपोर्टमध्ये ‘पोर्टल शिरेत हवा’ असं वाचलंत, तर मोबाइलवर शोधून रडत बसू नका. डॉक्टरांना एकच विचारा, “ही हवा आली कुठून?” उपचार त्या उत्तराचा असतो.

आमच्या घरात आजही गौरीजेवणाला पुरणपोळी होते. अण्णांचा फोटो भिंतीवर आहे आणि खाली कॅलेंडरवर आईच्या गोळ्यांच्या तारखा लाल शाईने लिहिलेल्या आहेत. ओव्याची बरणीही जागेवर आहे, ती काही मी फेकली नाही. फक्त तिच्या झाकणावर मुलीने चिठ्ठी चिकटवली आहे, ‘अर्धा तास’. आज घरी गेल्यावर आपल्या बरणीवरही तेवढी चिठ्ठी चिकटवा, म्हणजे माझं बोलणं कामी आलं असं मी समजेन.



गणपती बाप्पा मोरया!